पक्कें छप्पर म्हणजे काय?

घर बांधावयास निघालेल्या गृहस्थाचा क्रम पाहिला तर तो बहुधा सर्वत्र सारखाच आढळतो. प्रथम जागेचा व्यवहार, मग पाया, मग जोतें, मग भिंती. दाराच्या चौकटीस सागवान घ्यावें कीं शिवण, ओटीवर फरशी कोणती बसवावी, देवघर कोणत्या दिशेस असावें, यांवर घरांत महिनेच्या महिने खल होतो. भिंती माथ्यास पोहोंचतात, आणि तेव्हां कोठें यजमानाच्या ध्यानांत येतें कीं, वर छप्पर घालावयाचें आहे आणि हातीं पैसा तर उरलेला नाहीं. मृग तोंडावर आलेला असतो, बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो, सुतार दुसऱ्या कामास जावयाची घाई करीत असतो. आणि मग दुकानदार जें दाखवील, ठेकेदार जें सुचवील किंवा शेजाऱ्यानें जें घातलें असेल, तें डोळे मिटून घेतलें जातें. घराच्या ज्या अवयवावर ऊन, पाऊस व वारा या तिघांचाही मारा व्हावयाचा, त्याचा निर्णय असा सर्वांत शेवटीं, सर्वांत घाईनें आणि रिकाम्या थैलीनें व्हावा, हें आमच्या गृहव्यवहारांतील मोठें व्यंग आहे. पायाची आंखणी करण्यापूर्वींच छप्पर कशाचें हें ठरलें पाहिजे. कारण भिंती किती जाड, खांब किती, उतार कोणीकडे, हें सर्व छपरावर अवलंबून आहे, छप्पर त्यांवर नव्हे.

या गोंधळाच्या मुळाशीं ‘पक्कें’ हा एक शब्द आहे, असें आम्हांस वाटतें. सरकारी कागदांत घरांचे कच्चीं व पक्कीं असे भेद असतात. शिरगणतीचा कारकून दारांत येऊन छप्पर कशाचें तें लिहून घेतो, आणि त्याच्या तक्त्यांत काँक्रीट, लोखंडी पत्रा व ॲस्बेस्टॉसचा पत्रा हीं तिन्ही टिकाऊ सामानाच्या एकाच सदरांत जाऊन बसतात. लोकांनीं हा सरकारी अर्थ आपलासा केला, इतकेंच नव्हे तर त्यांत प्रतिष्ठेची भर घातली. कौलारू घर म्हणजे आजोबांचें आणि स्लॅबचें घर म्हणजे मिळवत्या मुलाचें, अशी समजूत गांवोगांव रूढ झाली. सोयरीक ठरवितांना ‘घर स्लॅबचें आहे’ हें वाक्य मुलाच्या नोकरीइतक्याच जोरानें उच्चारलें जातें. २००१ च्या शिरगणतींत देशांतील दर शंभर कुटुंबांपैकीं सुमारें ३३ कौलांखालीं व २० काँक्रीटखालीं राहत होतीं. २०११ मध्यें कौलांचा आंकडा २४ वर उतरला आणि काँक्रीटचा २९ वर चढला. धातूचे व ॲस्बेस्टॉसचे पत्रे त्याच दहा वर्षांत सुमारें १२ वरून १६ वर गेले. गवत-पेंढ्याचीं छपरें याच अवधींत २२ वरून १५ वर आलीं, तें ठीकच झालें. एका ठिणगीनें भस्म होणाऱ्या व वरचेवर नव्यानें शाकारावयास लागणाऱ्या छपराबद्दल रडण्यांत अर्थ नाहीं. परंतु कौल गेलें आणि त्याच्या जागीं जें आलें तें सर्वच अधिक चांगलें आहे काय, हा प्रश्न विचारावयास हरकत नसावी.

आमच्या व्यापारी वाचकांस हिशेब शिकविण्याचें साहस आम्ही करीत नाहीं. दुकानांत माल भरतांना खरेदीचा भाव, हमाली, वाहतूक, तूट व व्याज हें सर्व धरूनच ते दर बांधतात. पण तोच हिशेबी गृहस्थ घराच्या छपरापाशीं आला म्हणजे केवळ खरेदीचा भाव पाहतो, हें आश्चर्य आहे. समजा, एका छपरास एक लाख रुपये लागले व तें दहा वर्षांत बदलावें लागलें. दुसऱ्यास एक लाख चाळीस हजार लागले व तें किरकोळ डागडुजीवर चाळीस वर्षें टिकलें. पहिलें वर्षाला दहा हजारांस पडलें आणि दुसरें साडेतीन हजारांस. डागडुजीचे वर्षाला दोन हजार धरले तरी साडेपांच हजार. व्याज धरलें तर हें अंतर कमी होतें हें खरें. परंतु दहा वर्षांनंतरही पत्र्याचा भाव व मजुराची रोजी आजचीच राहील असें धरून चालणारा व्यापारी आम्ही अजून पाहिला नाहीं. यांत उन्हाळ्यांतील पंख्याची व कूलरची वीज आणि भर पावसांत गळणाऱ्या घरांतील धान्याची व कपड्यांची नासाडी हीं आम्हीं मोजलेलींच नाहींत.

प्रथम स्लॅबचें पाहूं. सळईच्या काँक्रीटची गच्ची हें उत्तम छप्पर आहे, यांत वाद नाहीं. जेथें जागा सोन्याच्या भावानें मिळते आणि पुढें मजला चढवावयाचा आहे, तेथें दुसरा इलाजच नाहीं. पण तें उत्तम ठरतें तें नीट केलें तर. चार इंच जाडीच्या गच्चीचें वजन दर चौरस फुटास सुमारें २३ किलो भरतें, मंगलोरी कौलांचें सुमारें ४ किलो. हा जवळजवळ सहापट भार पेलावयास भिंती, तुळया व पाया त्या मानानें सशक्त करावे लागतात, आणि तो खर्च कोणीही ‘छपराचा खर्च’ म्हणून लिहीत नाहीं. शिवाय काँक्रीट हा पदार्थ मोठा मानी आहे. मिसळतांना पाणी जितकें अधिक घालावें तितकें तें ओतावयास सोपें आणि पुढें तितकेंच कमजोर. मजुरास पहिली गोष्ट ठाऊक असते, दुसरी मालकास ठाऊक नसते. सळईखालीं पाऊण इंच तरी काँक्रीटचें आवरण राहिलें पाहिजे. त्यासाठीं सळईखालीं लहान ठोकळे ठेवावे लागतात, तेथें बहुतेक ठिकाणीं दगडाची खपली सारून काम भागविलें जातें. गच्ची ओतल्यावर निदान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व उष्ण असेल तर दहा दिवस, तिच्यावर आळीं बांधून पाणी उभें ठेवावें लागतें. जेथें पिण्याच्या पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशीं येतो तेथें हे दहा दिवस कसे पाळले जातात, हें वाचकांनींच सांगावें. समुद्रकांठीं तर खाडीची खारी वाळू वापरण्याचा मोह. तिच्यांतील मिठानें सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, आणि दहा-पंधरा वर्षांत खालचा गिलावा खपल्या-खपल्यांनीं अंथरुणावर पडूं लागतो.

याचा परिणाम पाहावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. रत्नागिरी-सिंधुदुर्गांतील कोणत्याही रस्त्यानें किंवा कोल्हापुराहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या वाटेनें जावें. स्लॅबच्या घरावर लोखंडी खांब रोवून त्यावर पुन्हां पत्र्याची शेड घातलेली ठायीं ठायीं दिसेल. जेथें वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो तेथें सपाट गच्ची ठेवली म्हणजे दुसरें काय होणार? एका घरास दोन छपरें! पहिलें प्रतिष्ठेसाठीं आणि दुसरें पावसासाठीं. दोहोंचा खर्च मात्र एकाच यजमानाच्या माथीं. ज्यांस गच्चीच हवी आहे त्यांनीं ती निदान शंभर फुटांस एक फूट या मानानें उताराची करावी व पाणी जावयास पुरेशा पन्हळी ठेवाव्या. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुकारानें केरळांत आयुष्य घालवून जी युक्ति लोकप्रिय केली तिचाही विचार करावा. गच्चीच्या जाडींत खालच्या भागाचें काँक्रीट भार उचलण्याच्या कामीं फारसें येत नाहीं; तेथें सळयांच्या चौकटींत जुनीं मंगलोरी कौलें बसवून वर काँक्रीट ओतलें म्हणजे काँक्रीट वांचतें, गच्ची हलकी होते, आणि कौलांच्या मधल्या हवेमुळें खालीं उष्माही कमी लागतो. यास जाणता अभियंता मात्र हवा. गवंड्याच्या अंदाजावर हें काम सोडूं नये.

आतां कौलांकडे वळूं. ज्या मंगलोरी कौलास आज ‘जुन्या चालीचें’ म्हणून नाक मुरडलें जातें तें मुळीं जुनें नव्हेच. तें यंत्रयुगाचें अपत्य आहे. आमच्या खेड्यांतील कुंभार चाकावर जें नळीचें कौल करी तें हलकें, ठिसूळ, आणि दर वैशाखांत परतावें लागणारें. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरच्या जेप्पू भागांत कारखाना काढून, नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या कांठची चिकणमाती यंत्रांत दाबून, एकमेकांत खांचेनें अडकणारें सपाट कौल बनविलें, आणि पुढच्या पिढीच्या आंत तें गोमंतकापासून मुंबईपर्यंत आगगाडीच्या स्टेशनांवर, कचेऱ्यांवर, शाळांवर व सावकारांच्या वाड्यांवर चढलें. त्या काळीं तेंच सुधारकी छप्पर होतें. आणि त्यास नाकें मुरडणारे तेव्हांही असतीलच.

या कौलाचे गुण सांगावयाचे तर, शंभर चौरस फुटांस सुमारें १४० ते १५० कौलें लागतात. एखादें फुटलें तर तेवढेंच बदलतां येतें, सबंध छप्पर उसकटावें लागत नाहीं. भाजलेल्या मातीस गंज नाहीं, वाळवी नाहीं, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचें भय नाहीं. दोन कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. घर मोडलें तरी कौल मोडत नाहीं. पन्नास वर्षें एका घरावर राहिलेलीं कौलें उतरून दुसऱ्या घरावर चढविलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत, आणि जुन्या कौलांचा बाजार आजही चालू आहे. त्यांचें गिऱ्हाईक कोण, हें ऐकून वाचकांस मौज वाटेल. कोंकणांतील यजमान कौलें विकून स्लॅब घालतो, आणि तींच कौलें घेऊन समुद्रकांठीं पाहुण्यांसाठीं ‘पारंपरिक’ झोंपड्या उभ्या राहतात. शहरांतील स्लॅबखालचा मनुष्य दिवाळीच्या सुटींत येऊन, रात्रीला कांहीं हजार रुपये मोजून, त्या कौलांखालीं सुखानें झोंपतो.

कौल घेतांना तें बोटाच्या सांध्यानें वाजवून पाहावें. नीट भाजलेलें कौल खणखणतें, कच्चें राहिलेलें बद्द बोलतें. कोरडें कौल तोलून, चोवीस तास पाण्यांत बुडवून पुन्हां तोलावें. वजनाच्या पंचमांशाहून अधिक पाणी पिणारें कौल घेऊं नये. पाख्याचा उतार पुरेसा हवा: आढ्यापासून भिंतीपर्यंतचें आडवें अंतर बारा फूट असेल तर आढें भिंतीहून सात फुटांच्या सुमारास उंच हवें. उंची वांचविण्यासाठीं उतार कमी केला कीं, पाणी कौलाच्या सांध्यांतून उलट चढतें, आणि दोष मात्र कौलास लागतो. कौलाच्या पाठीमागील कानास एक भोंक असतें. तें तार ओवून कौल रिपेस बांधण्यासाठीं असतें, हें आज कित्येक सुतारांसही ठाऊक नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें तेव्हां ताशीं ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यापुढें कौलें व पत्रे दोन्ही उडालीं, आणि पावसाळा दारांत उभा असतां शेंकडों कुटुंबें ताडपत्रीखालीं आलीं. वळचणीच्या व आढ्याजवळच्या ओळी तरी तारेनें बांधलेल्या असल्या तर वाऱ्यास पहिला शिरकाव सांपडत नाहीं. ही तार कौलाच्या मानानें कवडीमोल आहे.

कौलाविरुद्ध तीन तक्रारी ऐकूं येतात आणि त्या तिन्हींत तथ्य आहे. लांकूड महाग झालें, ही पहिली. यावर आतां चौकोनी पोलादी नळ्यांचे वासे व रिपा करतां येतात. त्यांस गंजरोधक रंगाचे दोन हात आधीं द्यावे, म्हणजे वाळवीचाही प्रश्न सुटतो. कौलें परतावयास माणूस मिळत नाहीं, ही दुसरी. मंगलोरी कौल नीट बसविलें असेल तर दरवर्षीं परतावें लागत नाहीं, पण फुटलेलें शोधून बदलणारा हात हवाच, आणि तो हात मुंबईस गेला आहे. तिसरी तक्रार माकडांची. बागायतींतून येणारे कळप दिवसाढवळ्या छपरावर नाचून कौलांचा चुरा करतात, आणि पत्रा घालणारे निम्मे लोक याच त्रासानें पत्रा घालतात, असें तेथील रहिवासी सांगतात. यावर खात्रीचा उपाय आमच्यापाशीं नाहीं. खालीं पत्रा व वर कौल अशी दुहेरी रचना कांहीं लोक करतात. तींत कौल फुटलें तरी पाणी घरांत येत नाहीं व पत्राही तापत नाहीं. पण ती खर्चाची आहे, हें कबूल केलें पाहिजे.

हें झालें पावसाच्या मुलखाचें. घाटावरच्या, विशेषतः मराठवाडा व सोलापूरकडील कोरड्या प्रांतांत गोष्ट निराळी. तेथील माळवद म्हणजे लांकडी तुळया, वर फळ्या व त्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यांत अशा घरांत शिरलें म्हणजे माठांत शिरल्यासारखें वाटतें. पण गळतें म्हणून दर दोन-चार वर्षांनीं वर नवी माती टाकावयाची, जुनी काढावयाची नाहीं. अशा रीतीनें पिढ्यान् पिढ्या हा थर एक फूट, दोन फूट, कोठें त्याहूनही अधिक चढला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गांवांत धरणीकंप झाला, तेव्हां चिखलांत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती फुटल्या आणि झोंपेंत असलेल्या लोकांवर दगड व मण-मण माती कोसळली. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. माणसें धरणीकंपानें मरत नाहींत, घरानें मरतात, हें त्या दिवशीं महाराष्ट्रास कळलें. तेव्हांपासून त्या भागांत माळवदाचें नांव काढणें नको झालें आहे, हें स्वाभाविक आहे; तथापि ज्यांचीं जुनीं माळवदें अद्याप उभीं आहेत त्यांनीं भीतीनें गप्प बसण्यापेक्षां वरचा जास्तीचा थर उतरवून भार हलका करावा, आणि भिंतींस चोहों बाजूंनीं एकसंध पट्टा बांधून घ्यावा. छप्पर जितकें जड तितकें मजबूत, ही समजूत जेथें जेथें उरली असेल तेथें किल्लारीचें नांव घ्यावें. खिळखिळ्या भिंतीवर ओतलेली काँक्रीटची गच्चीही माळवदाइतकीच घातक.

लोखंडी पन्हळी पत्र्याविषयीं आमच्या मनांत आकस नाहीं. हेन्री रॉबिन्सन पामर यानें १८२९ मध्यें लंडनांत पत्र्यास पन्हळी पाडण्याचा हक्क मिळविला, आणि स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच गृहस्थानें १८३७ मध्यें लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याचा. या दोन युक्त्यांच्या संयोगानें जगांतील गरिबांच्या डोक्यावर जितकें छप्पर आलें तितकें दुसऱ्या कशानें आलें असेल असें वाटत नाहीं. पत्रा हलका, लवकर चढणारा, भूकंपांत न मारणारा. परंतु गिऱ्हाईक पत्र्याची लांबी व रंग पाहतें, आणि आयुष्य ज्यावर अवलंबून तो मुलामा पाहत नाहीं. चौरस मीटरास दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्ताचा पत्राही बाजारांत असतो आणि २७५ ग्रॅमचाही. दुरून दोन्ही सारखेच चमकतात. कोरड्या हवेंत पातळ मुलाम्याचा पत्रा कांहीं काळ चालेल, समुद्रकांठीं तो लवकर गंजावयाचा. तेथें ॲल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्र मुलाम्याचा पत्रा घ्यावा. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर व रबरी चकतीसह बसवावा, खोलगटांत नव्हे. गळतीचा उगम बहुधा तेथेंच असतो. राहिला उष्मा. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग किंवा साध्या चुन्याचा हात दर उन्हाळ्याच्या आरंभीं दिला तर घरांतील उष्णता दोन ते पांच अंशांनीं उतरते. अहमदाबाद शहरानें २०१७ पासून गरीब वस्त्यांचीं छपरें पांढरीं करण्याचा उपक्रम हातीं घेतला, आणि तेलंगणानें २०२३ मध्यें अशा थंड छपरांचें धोरणच जाहीर केलें. विदर्भ-मराठवाड्याच्या नगरपालिकांनीं हें उदाहरण घेण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. गच्चीवरही हाच चुना उपयोगी पडतो.

आतां ज्या पदार्थाविषयीं स्पष्ट लिहिणें हा या लेखाचा मुख्य उद्देश आहे त्याकडे येतों. बाजारांत त्यास ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. नांव किती निरुपद्रवी! वस्तुतः त्यांत शेंकडा आठ ते दहा भाग ॲस्बेस्टॉस नांवाच्या खनिजाचे तंतू असतात. ऑस्ट्रियांतील लुडविग हाट्शेक यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हे तंतू सिमेंटांत कालवून पातळ व न जळणारा पत्रा बनविला. तो स्वस्त, न गंजणारा व लोखंडी पत्र्याहून कमी तापणारा असल्यामुळें जगभर पसरला. पुढें कळलें कीं, हे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले म्हणजे तेथेंच राहतात, आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनीं फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग उत्पन्न करतात. जागतिक आरोग्य संघटनेनें ॲस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार, ज्यास ‘पांढरा’ म्हणून निर्दोष ठरविण्याचा यत्न होतो तोही धरून, कर्करोगकारक ठरविले आहेत. ब्रिटननें १९९९ मध्यें, युरोपीय संघानें २००५ पर्यंत, व अमेरिकेनें २०२४ मध्यें पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली. आमच्या सरकारनें १९८६ मध्यें या खनिजाच्या खाणींस नवे पट्टे देणें थांबविलें. परंतु तंतू परदेशांतून आणून पत्रे करण्यास मोकळीक ठेवली. आमच्या खाणींतून काढलें तर विष, आणि रशियाहून जहाजानें आलें तर बांधकामाचें सामान, हा भेद आम्हांस समजला नाहीं. १९९५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या धंद्यांतील कामगारांच्या प्रकृतीचे दाखले चाळीस वर्षें, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षें, यांतील जो अवधि नंतर संपेल तोंपर्यंत जपून ठेवण्याचा हुकूम केला. चाळीस वर्षें कां, हें मनांत आणिलें म्हणजे या रोगाची चाल ध्यानांत येते.

कारखानदारांचें म्हणणें असें कीं, तंतू सिमेंटांत घट्ट बसलेले असतात, तेव्हां साबूत पत्र्यापासून भय नाहीं. यांत सत्याचा अंश आहे, आणि तो नाकारणें बरें नव्हे. छपरावर शांतपणें पडून असलेला अखंड पत्रा खालच्या माणसास लागलीच कांहीं करीत नाहीं. पण आमच्या देशांत पत्रा शांत राहतो कोठें? तो करवतीनें कापला जातो, त्यास भोंकें पाडलीं जातात, दहा-पंधरा पावसाळ्यांत त्याचा पृष्ठभाग झिजतो, गारांनीं तो तडकतो, आणि फुटला म्हणजे त्याचे तुकडे अंगणांत चिखलावर अंथरले जातात व त्यांवर मुलें खेळतात. त्या पत्र्यावर गळती बुजविण्यास चढलेला माणूस पत्र्यासकट खालीं आल्याच्या बातम्या या शहरास नव्या नाहींत. तो पत्रा माणसाचें वजन झेलीत नाहीं. आज याच आकाराचे, लांकडी लगद्याचे व कृत्रिम धाग्यांचे, ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचे पत्रे बाजारांत मिळतात. पाहून दोहोंतील भेद ओळखूं येत नाहीं. म्हणून दुकानदाराकडून बिलावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असें लिहून घ्यावें, आणि जो लिहून देणार नाहीं त्याच्याकडून घेऊं नये. ज्यांच्या घरावर जुने पत्रे आहेत त्यांनीं ते घासूं नयेत, कापूं नयेत, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुऊं नयेत. बदलावयाचेच झाले तर ओले करून, तोंडाला धूळरोधक पट्टी बांधून, न फोडतां अखंड उतरवावे व प्लॅस्टिकमध्यें गुंडाळावे.

येथपर्यंत आम्हीं घरमालकास त्याच्याच हिताचें सांगितलें. पण ज्याचे पैसे लागतात तो प्रत्येक वेळीं त्या छपराखालीं निजतोच असें नाहीं. इचलकरंजी, भिवंडी, मालेगांव येथील मागाच्या शेड आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या कडेस उभ्या असलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा पाहाव्या. त्यांवर जो पत्रा आहे तो भाडेकरूनें निवडलेला नाहीं. मालकाचें भाडें छपराच्या जातीवर बदलत नाहीं, म्हणून तो स्वस्तांत स्वस्त पत्रा घालतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा त्या तापल्या पत्र्याखालीं झोंप शोधीत पडतो. आमच्या वाचकांत असे मालक पुष्कळ आहेत हें आम्ही जाणतों, आणि त्यांस वाईट वाटेल म्हणून हें गाळावें असें आम्हांस वाटत नाहीं. एका खोलीवर चुन्याचा हात द्यावयास जो खर्च येतो तो त्या खोलीच्या एका महिन्याच्या भाड्यांत बसतो. पुढें नवी रांग बांधतांना ॲस्बेस्टॉस टाळावा व पत्र्याखालीं बांबूच्या चटईची अथवा तत्सम पडदी घालावी, एवढें तरी त्यांनीं मनावर घ्यावें.

सरकारच्याही कानांवर एक गोष्ट घालावयाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेंत सपाट प्रदेशांतील घरास केंद्र व राज्य मिळून एक लाख वीस हजार रुपयांचें साह्य ठरलें आणि निदान पंचवीस चौरस मीटरचें, म्हणजे सुमारें पावणेतीनशें चौरस फुटांचें, घर अपेक्षिलें. एवढ्या रकमेंत स्लॅब ओतावयाचा म्हणजे भिंती अर्ध्या ठेवाव्या लागतात किंवा कर्ज काढावें लागतें. योजनेनें स्लॅबचीच सक्ती केलेली नाहीं. किंबहुना निरनिराळ्या प्रदेशांस योग्य अशा घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ नांवाचा संग्रह केंद्र सरकारनेंच करविला. तो संग्रह तालुक्याच्या पंचायत समितींत लाभार्थ्यास उघडून दाखविला जातो काय? कौलांचें, पोलादी वाशांचें व भूकंपाच्या पट्ट्याचें एक घर प्रत्येक तालुक्याच्या गांवीं नमुना म्हणून बांधून ठेवलें आणि त्याचा खर्च दारावर लिहिला, तर शंभर परिपत्रकांचें काम होईल.

आणि ज्या सार्वजनिक इमारतींवर अद्याप ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत त्यांची यादी नगरपालिकांनीं व जिल्हा परिषदांनीं आधीं करावी व सुरुवात शाळांपासून करावी. उन्हाळ्याच्या सुटींत वर्ग रिकामे असतात; पत्रे ओले करून, न फोडतां उतरविण्यास व पावसापूर्वीं नवें छप्पर चढविण्यास वर्षांतील तेवढाच काळ सोयीचा आहे, आणि त्याच्या निविदा माघ-फाल्गुनांतच निघाल्या पाहिजेत.